बर्फातलं धोतर

आमच्या मावशीच्या यजमानांइतकी थंडी उभ्या उस्मानाबाद जिल्ह्यात कुणी सोसली नसेल, आणि तीही ऐन चैत्रात. सोनारीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू येई. बोलपट येऊन जमाना झाला होता, पण तंबूच्या मालकाकडे एकच मुका सिनेमा होता, गोरे साहेब जहाजातून पार उत्तरेच्या बर्फात जातात त्याचा. काका पडद्याशेजारी उभे राहून तो समजावून सांगत. गारांपलीकडे बर्फ त्यांनी पाहिला नव्हता. तरी घोंगडी पांघरून असे काही कुडकुडत, की बायका पदर कानांवर ओढून घेत. गाडीला कुत्री कशी काय, असं कुणी विचारलं तर म्हणत, "बैलं गारठून मेली. लई वाईट झालं." शेवटी साहेब बर्फात काठी रोवत, तेव्हा काका गरजत, "आन् लागला झेंडा!" आणि तंबू टाळ्यांनी दणाणून जाई.

निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या जत्रेत मात्र पुढच्या खुर्चीवर पोलिसांचा अमीन येऊन बसला. तिरंगा लावला म्हणून आसपासच्या गावांतली माणसं धरून नेत होते ते दिवस. सिनेमा बंद करावा तर संशय, चालू ठेवावा तर शेवटी तो झेंडा. मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. पडद्यावर काठी रोवली गेली, साहेबांनी तिला सलाम ठोकले. काका गप्प राहिले, पण मागून कुणीतरी सवयीनं टाळी वाजवलीच. अमीन उठला.

"झंडा किसका है ये?"

"झंडा कायका, हुजूर," काका म्हणाले. "साब की धोती है. भीगी थी, सुखाने डाले."

"और सब सलाम कायको कर रहे?"

"सलाम न्हाय, हुजूर. माथे पे हात रखके सूरज ढूंढ रहे. धूप निकली तो सूखेगी ना."

काकांचं कुडकुडणं पार थांबलं होतं; घोंगडीतला माणूस खांबासारखा उभा. पडद्यावर कापड फडफडतच होतं. अमीननं त्या कापडाकडे नीट निरखून पाहिलं, मग खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "इत्ते बरफ में? टैम लगेगा."

त्यानंतर गावात झेंड्याला कुणी झेंडा म्हणेना. धोतर कधी वाळत घालायचं, एवढंच हळूच विचारायचे. भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं आणि चावडीवर तिरंगा चढला. काका भर उन्हात कपाळाला हात लावून उभे होते.

"काका, सलाम करताय?" मी विचारलं.

"न्हाय रे. ऊन शोधतोय."

ऊन तर रखरखीत होतं. घोंगडी घरी राहिली होती, आणि काका कुडकुडत होते.