येते म्हणजे जाते

आमच्या नल्लकुंट्याच्या गल्लीत तारामावशींना न ओळखणारा माणूस एक तर नवा भाडेकरू असतो, नाही तर कुरिअरवाला, आणि दोघांनाही फार दिवस अनोळखी राहता येत नाही. पूर्ण नाव तारामती हिम्मतराव बिरादार. माहेर-सासर दोन्ही उदगीरकडचं. हिम्मतराव रेल्वेत लागले, काचीगुड्याला नेमणूक झाली, आणि तेव्हापासून मावशी हैदराबादच्या. तेलुगू भाजीवाल्याशी तेलुगूत, दूधवाल्याशी दखनीत आणि देवाशी मराठीत भांडतात. मी अपर्णा, त्यांची शेजारीण. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले तशी गल्लीतली इंग्रजीची सगळी कामं माझ्याकडे आली. मला कुणी विचारलं नव्हतं.

हिम्मतराव गेल्यावर मावशींच्या शिवराजने विषय काढला की हे घर विकू, तू कोंडापूरला आमच्या फ्लॅटमध्ये ये. फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. जिथून भाजीवाल्याला हाक मारता येत नाही तिथे माणूस राहतो कसा, असं मावशींनी विचारलं. शब्दाने शब्द वाढला. प्रियदर्शिनीने, म्हणजे सुनेने, मध्ये पडून पाहिलं, पण मायलेक दोघंही एकाच मातीचे. शेवटी शिवराजने गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाला, “मग मी जातो.” दोन वर्षांच्या लेकीला, राणीला, कडेवर घेतलं आणि गेला.

भांडणाचं मावशींना काही वाटलं नाही. भांडणं त्यांनी पुष्कळ पाहिलीत. पण “जातो” म्हणाला, ते त्यांच्या काळजात रुतलं. घरातून निघणारा माणूस “येतो” म्हणतो. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाला तरी “येतो” म्हणतो. “जातो” म्हणायची वेळ येते तेव्हा माणूस बोलण्याच्या अवस्थेत नसतो. मी त्यांना समजावलं की पोरगा इंग्रजी शाळेतला, मराठी वाचतो ती दुकानाच्या पाटीवरची, त्याला त्यातलं काय कळतंय. मावशी म्हणाल्या, “जातो म्हणाला न? मग गेला.”

सुंभ जळतो, पीळ जळत नाही. तीन वर्षं झाली. मावशींनी फोन केला नाही, आणि त्यांचाच मुलगा असल्यामुळे त्यानेही केला नाही. त्याने यावं एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेवढंच त्या बोलणार नव्हत्या. दाराजवळच्या भिंतीवर त्याचं नाव आणि नंबर पेन्सिलीने लिहिलेला होता. तो पुसट व्हायला लागला की मावशी राणीच्या राहून गेलेल्या स्केचपेनाने त्यावरून पुन्हा गिरवत. तो नंबर फिरवताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि ते पाहून मला त्यांचा राग यायचा.

अशात मावशींच्या वरच्या मजल्यावर अमेरिकेतलं एक मिशनरी जोडपं दीड वर्षासाठी राहायला आलं. नवरा व्हर्न, बायको लाडॉन, दोघांचीही सत्तरी आलेली. गावाकडे बटाट्याची शेती. मावशींनी पहिल्याच दिवशी त्यांचं वरुणभाऊ आणि लाडूबाई करून टाकलं, आणि त्यांनी ते नम्रपणे स्वीकारलं. त्यांना अकरा नातवंडं आहेत हे ऐकून मावशी चक्रावल्या. आपली माणसं या वयात नातवंडं सांभाळायला अमेरिकेला जातात, आणि ही दोघं नातवंडं टाकून नल्लकुंट्यात आलेली. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, पोराशी भांडून आलेत का म्हणून.

तसं काही नव्हतं. त्यांच्या पंथाची तरुण पोरं-पोरी शहरात जोडीजोडीने भाड्याच्या घरांत राहत, आणि या दोघांनी आळीपाळीने सगळ्या घरांवर लक्ष ठेवायचं होतं. गॅसची नळी चिरली आहे का, गाद्यांना ऊन दाखवलं का, आणि मुख्य म्हणजे फ्रिजमध्ये काय कुजलंय. त्यासाठी ती दोघं स्वतःच्या खर्चाने सातासमुद्रापलीकडून आली होती. मी हे सगळं मराठीत सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, म्हणजे सासूचं काम. मग त्यांना त्या दोघांबद्दल आदर वाटायला लागला.

त्यांच्या पंथात चहा-कॉफी चालत नाही. हैदराबादेत चहा न पिणाऱ्या माणसाला दोनच ठिकाणी जाता येतं, एक स्वतःचं घर, आणि दुसरं मला अजून सापडलेलं नाही. किराणावाल्यापासून वीजबिलाच्या खिडकीपर्यंत जो तो त्यांच्यापुढे कप धरायचा, आणि वरुणभाऊ छातीवर हात ठेवून माफी मागायचे. लोकांची समजूत झाली की त्यांना हृदयाचा आजार आहे. नळवाल्याने “परसों आतूं” म्हटलं तेव्हा फोनमध्ये अर्थ पाहून ती दोघं बरोबर परवाच्या दिवशी सकाळपासून घरात बसून राहिली. नळवाला पुढच्या महिन्यात आला. हैदराबादी “परसों”मध्ये अख्खं पंचांग मावतं हे फोनला ठाऊक नव्हतं. आणि वरुणभाऊंना “हौ” हा इथला होकाराचा शब्द इतका आवडला की कुणी काहीही विचारलं तरी ते “हौ” म्हणत. एकदा बर्कतपुऱ्याच्या फंक्शन हॉलसमोर कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं. संध्याकाळी ते डोक्यावर फेटा आणि हातात नारळ घेऊन परत आले. लग्न कुणाचं होतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण स्टेजवरचे फोटो चांगले आले म्हणाले.

मावशी रोज सकाळी वाटी घेऊन वर जायच्या. कधी जवसाची चटणी, कधी अंबाडीची भाजी. ती दोघं चाखत, पाणी पीत, पुन्हा पाणी पीत. मावशी दखनीत बोलत, ती इंग्रजीत बोलत, आणि अर्धा तास मजेत जाई. मग मावशी उठत आणि जिन्यावरून म्हणत, “येते हं.”

लाडूबाईंनी एकदा फोन पुढे धरून तो शब्द पकडला. फोनने सांगितलं, त्या येत आहेत. झालं. दार उघडं ठेवून, खुर्ची मांडून ती दोघं वाट पाहायला लागली. म्हातारी बाई येते म्हणाली आहे, तिला बंद दार कसं दाखवायचं? मावशी खाली येऊन आपल्या कामाला लागलेल्या. असं रोज सुरू झालं. तपासणीला निघायला दुपार व्हायची, आणि तोवर तारनाक्याच्या घरातली पोरं फ्रिज धुऊन मोकळी. मावशी बाजाराला निघाल्या की फाटकातूनही वर पाहून “येते” म्हणत, आणि लाडूबाई गच्चीत उभ्या राहत. मावशी परत येत, पिशवीभर भाजी घेऊन आपल्या घरात शिरत, आणि वर बघतसुद्धा नसत.

लाडूबाईंच्या आईचं असंच झालं होतं. येते म्हणायची, कुठे निघालो ते विसरायची, आणि शेवटी लेकीलाच विसरली. त्यामुळे नवरा-बायकोने फार विचार केला. गल्लीत बोभाटा होऊ नये म्हणून मला विचारलं नाही. मला विचारलं असतं तर दोन वाक्यांत उलगडा झाला असता, आणि तीन वर्षांची चार झाली असती. वरुणभाऊ मावशींच्या घरचा फ्यूज बसवायला गेले होते तेव्हा त्यांनी भिंतीवरचा नंबर पाहिला होता. त्यांनी फोनकडून नाव वाचून घेतलं, हा मुलगाच असणार हे ताडलं आणि शिवराजला फोन लावला. अगदी सांभाळून सांगितलं की तुझी आई आता गोष्टी विसरायला लागली आहे, वेळ आहे तोवर येऊन जा.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथे मारुतीच बरा निघाला.

शिवराज कामावरून तसाच आला. गाडी वाकडी लावली, गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. मावशी ओट्यावर अंबाडी निवडत होत्या, मी समोर बसले होते. तो पायरीपाशी थांबला. त्याला आत यायचं धाडस होईना.

“आई, मला ओळखलंस का?”

मावशींनी मान वर केली. हातातली काडी हातातच राहिली.

“ओळखायला काय झालं? तू कशाला धावत येऊ लालास?”

तेवढ्यात वरून ती दोघं उतरली. लाडूबाईंचे डोळे लाल झालेले. मला मध्ये बसवून त्यांनी सगळं सांगितलं आणि मी ते मायलेकांसाठी मराठीत करत गेले. मग त्या म्हणाल्या की तारा रोज असंच करते, “येते, येते” म्हणते आणि येत नाही. “येते” हा शब्द त्यांनी मराठीतच उच्चारला, मावशींसारखाच लांबवून.

माझ्या डोक्यात उजेड पडला. हसू दाबत मी तोंड उघडलं, तर मावशींचा हात माझ्या मनगटावर. त्यांना माझ्या आधीच कळलं होतं.

“थांब अपर्णा,” त्या म्हणाल्या. थोडा वेळ पानं खुडत राहिल्या. मग शिवराजकडे न बघता बोलल्या, “होऊ लालंय खरं. विसराया होऊ लालंय थोडं.”

तो खाली बसला. काय विसरतेस, त्याने विचारलं.

“काय की. आता हेच बघ. तू इथून कधी गेलास, जाताना काय म्हणून गेलास, काही ध्यानात नाही.”

“आई, त्या दिवशी मी…”

“कोणत्या दिवशी?” मावशी म्हणाल्या.

तीन वर्षांत मला त्या बाईचा इतका राग आला होता, तो सगळा तिथे ओट्यावर उतरला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाडूबाईंनी मला रुमाल दिला. त्यांना वाटलं, आजार पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी शिवराजने मावशींना डॉक्टरकडे नेलं. भाषेची अडचण नव्हती, तरी मला नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, मावशींनी तिथीही सांगितली. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ते मावशींनी निघताना परत केले, आणि वर असंही सांगितलं की बाहेरच्या पोरीने आमच्यानंतर आलेल्या माणसाला आधी आत सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले की यांना काही झालेलं नाही, उलट घरच्यांनी जपून राहावं.

बाहेर मावशी पेरू निवडत होत्या. शिवराजने मला विचारलं, “काकू, सगळं ठीक आहे म्हणतात डॉक्टर. मग तेवढंच कसं विसरली ती?”

“तेवढंच म्हणजे कोणतं?” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. ती पेरूवाल्याला पेरू परत करत होती. पोरगा मराठीत कच्चा असला तरी बुद्धीने कच्चा नाही. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि बराच वेळ पुसत राहिला. घर विकण्याचं त्यानेही त्या दिवसापासून विसरून टाकलंय. घराण्यातच आहे.

संध्याकाळी तो निघाला. फाटकात उभा राहून म्हणाला, “चल आई, मी जा…” आणि जीभ चावली. मावशी पापणी न हलवता उभ्या होत्या.

“येतो,” तो म्हणाला.

“ये,” मावशी म्हणाल्या.

वर गच्चीतून ती दोघं ऐकत होती. वरुणभाऊंनी लगेच एक खुर्ची ओढली, लाडूबाईंनी लिंबूपाणी केलं. खरं काय ते सांगावं म्हणून मी वर गेले. खाली पाहिलं तर मावशी फाटक उघडंच टाकून पायरीवर बसल्या होत्या. या दोघांना समजावलं तर खाली मावशींचं बिंग फुटणार. म्हटलं, बसू दे. “मी येते,” एवढंच म्हटलं आणि घरी गेले. माझ्यासाठीही त्यांनी ग्लास काढला होता, हे मला नंतर कळलं.

मावशींनी मला अजून तोंड उघडू दिलेलं नाही. वरची खुर्ची रोज मांडली जाते हे त्यांना आता ठाऊक झालंय. म्हणून “येते” म्हणून उतरल्यावर भात उतरवून त्या खरंच पुन्हा वर जाऊन बसतात. लाडूबाईंना वाटतं, औषध लागू पडलं. गुडघे दुखतात अशी मावशींची तक्रार माझ्याकडे असते.

रविवारी फाटकाशी गाडी थांबली. शिवराज, प्रियदर्शिनी, आणि दोघांच्या मागे लपलेली राणी. मावशी पायरीवरून उठल्या. नुसता हात पुढे केला.

वरुणभाऊ गच्चीच्या कठड्याला टेकून हे बघत होते. मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि मला म्हणाले, उशीर केला, पण हा विसरला नाही.

“हौ,” मी म्हटलं.