हॉर्सटेलची पानं कुणी खुडली?

आता आपलीच अक्कल आपणच चारचौघांत काढायची म्हणजे… पण सांगतोच. चहा ओता आधी!

ठाकुर्लीला आमचं घर तळमजल्यावर. मागच्या बाजूला सोसायटीच्या टाकीचं पाणी झिरपून बारा महिने चिखल. त्या चिखलात शेजारच्या पाटीलकाकूंनी अळू लावलेलं. आणि काय अळू! एकेक पान सुपाएवढं! काकू मूळच्या इथल्याच, आमची बिल्डिंग उभी आहे तीच त्यांच्या शेतावर. त्यांच्या अळूवड्या न मागता आमच्या घरी येणार.

मला वाटलं, आपणही काहीतरी लावू. पण अळू नको, जरा स्टँडर्ड! जवळच्याच एका नर्सरीतून हॉर्सटेल नावाचं शोभेचं झाड घेऊन आलो. हिरव्यागार, सरळसोट कांड्या, जणू बोटाएवढ्या जाडीचा बांबू. नर्सरीवाला काहीतरी सांगत होता, पण मी फोनवर होतो. नुसती मान डोलावली.

अळूशेजारीच, त्याच चिखलात लावलं. महिना झाला, दोन झाले. कांड्या वाढतायत, पण पान? एक नाही!

बायको म्हणाली, "अरे, येतील की."

"येतात गं, पण कोणीतरी खुडतंय!"

आणि त्या चिखलात रोज उतरतं कोण? झालं! ग्रुपवर टाकलं, 'अळू काढताना दुसऱ्याची पानं खुडणाऱ्यांनी थोडी लाज बाळगावी.' नाव नाही हो घेतलं मी. घ्यायची गरज होती का?

वॉचमन पहाऱ्याला बसला. सेक्रेटरींनी कॅमेरा तिकडे वळवला. रविवारी तिथेच मागे चक्क मीटिंग! काकू उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी.

"बाला, मी काय शेली हाय का रं, तुझा पाला खायाला?"

सगळे हसले. मी जास्तच पेटलो. "थांबा, तज्ज्ञच आणतो!" तसाच स्कूटरवरून गेलो आणि नर्सरीवाल्याला मागे बसवून आणलं.

तो वाकला, बघितलं, आणि माझ्याकडे असा पाहायला लागला!

"साहेब, याला मोठी पानं येतच नाहीत. कांडीवर ही काळी कडी दिसते ना? तीच याची पानं, बारीक बारीक, एकमेकांना चिकटलेली."

मग त्याने खाली चिखलात बघितलं.

"आणि हे कुंडीशिवाय लावलंत? बोललेलो ना मी, जमिनीत मोकळं सोडू नका! मुळं खालून कुठल्या कुठे पसरतात!"

सगळ्यांच्या माना वळल्या. काकूंच्या अळूत जिकडेतिकडे माझ्या कांड्या!

मी तिथेच काकूंच्या पायाशी वाकलो. काकू मागे सरकल्या. "पाया नको पडू. उपट!"

तेव्हापासून दर रविवारी मी गुडघाभर चिखलात. एक उपटावं, तर चार हजर! काकू बाजूला खुर्ची टाकून देखरेखीला. परवा घाईघाईत मी एक ओढलं, तर हातात आलं त्यांचंच अळू!

काकू सावकाश उठल्या. ते सुपाएवढं पान माझ्या नाकासमोर धरलं आणि बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं म्हणाल्या,

"नीट बघून ठेव, बाला. याला म्हंतात पान!"