पदरातला प्रसाद

आमच्या मुलाची मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायलिसिस थांबवून त्याला घरी न्या, असे भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्याच्या आईने मात्र दवाखान्याच्या बाकावर एका बाईकडून ऐकले होते, की कारध्याजवळ मरियामातेचे ठाणे आहे आणि तिथला प्रसाद गुणाला येतो.

ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या दिवसांत भंडाऱ्याचे एक निवृत्त गुरुजी एका दिवसाची बस काढत. सकाळी पवनीचे बौद्ध विहारांचे अवशेष, दुपारी नन्सचा जुना मठ, शेवटी मातेचे दर्शन. कोणालाही मज्जाव नसे. मुलाला सुनेवर सोपवून आम्ही दोघे कोंढ्याहून बसलो. माझा विश्वास नव्हता; तिला एकटीला पाठवणे मला योग्य वाटले नाही, एवढेच.

पवनी आमच्या नित्याच्या वाटेवरची. तरी त्या टेकडीवरच्या विटांपाशी मी सत्तर वर्षांत कधी थांबलो नव्हतो.

"कोंढ्याच्या मानसाले पवनी दाखवून राहिलो," गुरुजी मला म्हणाले. "काय दिवस आले जी माह्यावर."

"दाखवा. आमी तं इथं फक्त बाजारालेच येतो."

हिने विचारले, "गुरुजी, इथं कोनता नवस बोलतेत?"

"इथं नवस नसते, माय. इथले भिक्षू पोटापुरतं मांगत. बाकी मांगनं त्यायनं सोडलं होतं."

"मंग कायले थांबलो?" ती म्हणाली आणि बसमध्ये जाऊन बसली.

मठात दगडी ओवरी होती आणि एकसारख्या लहान खोल्यांची रांग. संध्याकाळपासून सकाळपर्यंत इथे कोणी बोलत नाही, असे एका वृद्ध ननने सांगितले. तो नियम मला पटला. तिथेच गुरुजींनी सर्वांना समजावले, की प्रार्थनेच्या शेवटी फादर जी पातळ भाकर देतात ती केवळ बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असते, आणि ती तिथल्या तिथे तोंडात घ्यायची असते. इतरांनी बाकावरच बसावे. ही त्या वेळी अंगणात सुनेला फोन करून विचारत होती, मुलाच्या पोटात पाणी ठरते का. ती परत आल्यावर मी तिला काही सांगितले नाही. सांगण्याजोगे ते मला वाटले नाही.

मातेच्या ठाण्यावर प्रार्थना झाली. माणसे रांगेत उभी राहिली. मी डोळे मिटून बसलो होतो; उघडले तेव्हा ही रांगेच्या तोंडाशी होती. तीर्थ घ्यावे तशी तिने ओंजळ पुढे केली. फादरांनी तिच्या हातावर भाकर ठेवली. तिने ती कपाळाला लावली, पदराच्या टोकात गाठ मारून बांधली आणि माझ्याकडे आली. आमच्याकडे देवाचे पहिले घरच्या आजाऱ्याला जाते. तिने दुसरे काही केले नव्हते.

एका ननने ते पाहिले होते. रांग संपताच फादर स्वतः आले. आवाज मृदू होता.

"माय, ते घरी नेता येत नाही."

"माह्या पोरासाठी आहे जी."

"त्याचा बाप्तिस्मा झालाय?"

"तो बिमार आहे," ती म्हणाली.

फादर म्हणाले, "मी तुमच्या घरी येईन. त्याच्यासाठी प्रार्थना करीन. पण हे मला परत द्या."

तिने माझ्याकडे पाहिले. चाळीस वर्षांत तिने असे क्वचितच पाहिले होते.

"देऊन टाक," मी म्हणालो.

गाठ सुटायला वेळ लागला. भाकरीचे दोन तुकडे झाले होते. फादरांनी ते घेतले आणि तिच्यासमोर स्वतःच्या तोंडात टाकले. त्यांच्या धर्माची रीत तशीच आहे, असे गुरुजींनी मागाहून मला सांगितले. त्या क्षणी तिला एवढेच दिसले, की तिच्या मुलाच्या वाट्याचे दुसऱ्याने खाल्ले. पदरावर राहिलेले कणही त्यांनी बोटाने टिपून घेतले.

बसमध्ये ती पदराचे मोकळे टोक मुठीत धरून बसली.

घरी पोचलो तेव्हा मुलगा जागा होता. आईची चाहूल लागताच त्याने तोंड उघडले. देवदर्शनाहून येणारी आई काय आणते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

"सरला होता, बाबू," ती म्हणाली. "लई गर्दी होती."

तिने चमचाभर पाणी त्याच्या ओठांना लावले. तेही ठरले नाही.