हिरवा चुडा आणि हातमोजे

खेडहून मला गोडदेवला आणून पोसलं ते शेवंतीआत्याने. टोमणेही रोज तिचेच. तिची नवी सून, संपदावहिनी, टीबीच्या जंतूंच्या लॅबमध्ये लागली. तिथल्या आतल्या बंद खोलीत बांगड्या चालत नाहीत, काचेने हातमोजा फाटू शकतो. पण लग्नाचा हिरवा चुडा सासूपुढे उतरवायचा कसा? वहिनी नोकरीच सोडायला निघाली. न राहवून मीच आत्याला सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत बसलो.

आत्याने साबण आणला, वहिनीचा हात धरला.

"जंतू काय चुडा बघून माघारी फिरणार हायत? काढ!"

एकही बांगडी न फुटता चुडा उतरला. वहिनी रडत पाया पडायला वाकली.

"पाया नको पडूस," आत्या म्हणाली, "मोजे नीट घाल."