विमानाचा पडणारा काटा

घरी विमान बांधणाऱ्या माणसाची बायको दिवसभर काय करते, असं मला कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, चहा करते आणि बोटं दाखवते.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक गाळा आहे. पुढच्या भागात लेथ मशीन आहे, तिथे माझा नवरा लोकांसाठी सुटे भाग बनवतो. मागच्या भागात विमान आहे, ते तो स्वतःसाठी बनवतो. एक माणूस जेमतेम बसेल एवढं. चाळीतल्या बायकांचे नवरे रविवारी बाजारातून कोलंबी आणतात, आमचे हे रविवारी पंखा घासतात. "पंखा म्हणू नकोस गं, प्रोपेलर म्हण," असं मला बजावतात. मी काहीच म्हणत नाही, त्यामुळे माझं चुकत नाही. सासरी मला मुकी समजतात. त्यात फायदा असा की माझ्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलतात.

दसऱ्यापर्यंत इंजिन उत्तम चालत होतं. रविवारी सकाळी पंख नसलेलं ते धूड गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत ढकलायचं, शेपटी लोखंडी खांबाला दोराने बांधायची आणि इंजिन सुरू करायचं. वाऱ्याने आसपासचे पुठ्ठे उडायचे. शेजारच्या गाळ्यात लग्नपत्रिका छापतात, तो मालक आधी खिडक्या लावून घ्यायचा, मग बाहेर येऊन ओरडायचा, मग थोडा वेळ उभा राहून बघायचा.

दसऱ्याला सगळ्या गाळ्यांत मशीनची पूजा असते. आमच्या सासूबाई घाटकोपरहून मुद्दाम आल्या. लेथला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि विमानाभोवती एक फेरी मारली. मी ताट पुढे केलं.

"ह्येका कुंकू नाय चलाचा," त्या म्हणाल्या. "ह्या उडता. उडणाऱ्याचो देव मारुती. शेंदूर व्हयो."

तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी त्यांनी घरूनच आणली होती. आता प्रश्न उरला जागेचा.

"ह्येचा कपाळ खंय रे?"

नवऱ्याने हसून बोट दाखवलं. बसायच्या जागेच्या पुढे छोटी काच, काचेच्या पुढे पेट्रोलची टाकी, आणि टाकीचं गोल झाकण अगदी मधोमध वर येतं. नवरा म्हणाला, "हेच समज." सासूबाईंनी झाकणावर अंगठ्याने दाबून शेंदूर भरला. हात जोडले. पोराच्या जिवाची काळजी त्यांनाही होती, ती त्या अशीच दाखवतात. त्यानंतर दर शनिवारी रिक्षा करून यायच्या आणि आधीच्या शेंदरावर नवा हात द्यायच्या. जुन्या मारुतीवर खोळ चढते तशी त्या झाकणावर चढायला लागली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी काटा पडला.

इंजिनाला पेट्रोल दाबाने जावं लागतं. तो दाब घड्याळासारखी एक तबकडी दाखवते. काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर माणूस वर राहतो, लालमध्ये गेला तर खाली येतो. एवढं मला नीट समजलं होतं, आणि मला तेवढंच पुरे होतं. त्या दिवशी इंजिन सुरू झालं तेव्हा काटा हिरव्यात होता. स्टोव्हवरच्या चहाला चांगली उकळी येईपर्यंत तो हळूहळू उतरत लालमध्ये गेला. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

मग तज्ज्ञ जमले. एक आमचे काका, ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले. अणूच्या पोटात काय असतं ते त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे टाकीच्या पोटात काय आहे हे ठाऊक असणारच, असं सगळे धरून चालायचे. दुसरे नवऱ्याचे मावसभाऊ, मुलुंडला त्यांचं गॅरेज आहे. त्यांना मी भाऊजी म्हणते.

काकांनी पहिल्या दिवशी निकाल दिला. "काटा खोटं बोलतोय. आधी मोजणारा तपासा, मग मोजलेलं."

म्हणून दुसरी तबकडी आणली, लांब नळीला जोडली आणि बाजूला स्टुलावर ठेवली. ती वाचायला माणूस हवा होता. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बोटं ठरली. पाच म्हणजे उत्तम, दोन म्हणजे वाट लागली. "वहिनीला द्या हे काम, तिला तसंही बोलायला लागत नाही," भाऊजी म्हणाले आणि स्वतःच हसले. अशी मी विमानाच्या नोकरीला लागले.

दोन्ही काटे जोडीने पडले. काका म्हणाले, "म्हणजे दोन्ही खोटं बोलतायत, किंवा दोन्ही खरं." सगळ्यांनी मान हलवली. शिकलेल्या माणसाने असं काही म्हटलं की मान हलवावीच लागते.

मग भाऊजींची पाळी. "पंप मेलाय यार. आपल्याकडे रोज दहा येतात असले." नवा पंप बसवला. टाकीत किती पेट्रोल आहे ते काठी घालून पाहिलं, झाकण लावलं, इंजिन सुरू केलं. काटा झकास. मी पाच बोटं धरून उभी. तेवढ्यात छापखानेवाला ओरडत आला, म्हणून लवकर बंद केलं आणि भाऊजींनी पेढे मागवले. पुढच्या रविवारी चहाला उकळी आली आणि काटा पडला.

मग गाळणी बदलली, पेढे आले, काटा पडला. मग काका म्हणाले की नळीत पेट्रोलची वाफ होते. नळी थंड ठेवायला माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी ओली करून गुंडाळली, टाकीत गार पेट्रोल ओतलं. काटा झकास. या वेळी काकांनी पेढ्यांऐवजी ढोकळा आणला, कारण त्यांना साखर आहे. ढोकळा संपला तसा काटा पडला.

दर वेळी झाकण उघडायचं, काठी घालायची, झाकण लावायचं. ते उघडताना मात्र प्रत्येक जण दोन बोटांनी कडेला धरायचा, वरचा शेंदूर बिघडू नये म्हणून. काका देव मानत नाहीत. सत्यनारायणाला गेले तर प्रसादाच्या शिऱ्यात साजूक तूप किती यावर बोलतात. पण शेंदराला हात लागला की चटकन रुमाल काढून कपाळाला लावायचे आणि मग कोणी पाहिलं का ते बघायचे. मी पाहत होते.

ह्यांनी एकदा भाऊजींना विचारलं, "आईने लावलंय ते पुसूया का जरा? हात चिकट होतात."

"तू पूस. तुझी आई आहे," भाऊजी म्हणाले.

कोणी पुसलं नाही.

एवढं सगळं मला चाललं असतं. चहा करायला आणि बोटं दाखवायला माझी ना नव्हती. काटा पडतोय तोवर नवरा जमिनीवर आहे, हेही मी मनात धरलं होतं. पण ह्यांच्या ओळखीच्या एकाची मुंबईबाहेर धावपट्टी आहे. त्याने पट्टी एका शनिवारी मोकळी दिली. विमान टेम्पोत घालून न्यायचं, पंख लावायचे आणि उडायचं, असं ठरलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "काट्याचं काय?"

"सुरुवातीला बरोबर असतो ना? चहा उकळेपर्यंत मी एक फेरी मारून खाली येतो."

"चहा लवकर उकळला तर?"

ह्यांनी ताट पुढे सरकवलं. मग म्हणाले, "तू भाजी वाढ." ह्यांना उत्तर नसतं तेव्हा भाजी लागते. मी वाढली. पण त्या दिवसापासून स्टोव्हवर आधण ठेवलं की मी घड्याळाकडे बघायचे. फेरी मारायला किती वेळ लागतो आणि उकळी यायला किती, याचा हिशोब मी घरीदारी करत बसायचे, आणि तो कधी जमायचा नाही.

धावपट्टीच्या आधीच्या रविवारी काका आणि भाऊजी एका लग्नाला गेले होते. गाळ्यावर आम्ही दोघंच. हे विमानात बसले, मी स्टुलापाशी. इंजिन सुरू. पाच बोटं. पाच. चार. मी चहा ठेवलाच नव्हता, तरी काटा उतरायला लागला. तीन. दोन. ह्यांचं तोंड बघवेना. इतके महिने कोणावर न काढलेला राग त्यांनी टाकीवर काढला. उभे राहिले, काचेवरून वाकले आणि झाकण पिरगाळून उघडलं. पेट्रोल संपलंय का, एवढंच बघायचं असेल.

काटा उसळी मारून हिरव्यात गेला. मी पाच बोटं वर केली.

"नीट दाखव," हे ओरडले.

मी दोन्ही हातांची पाच-पाच दाखवली.

त्यांनी झाकण लावलं. थोड्या वेळाने काटा उतरला, माझी बोटं उतरली. झाकण उघडलं, बोटं वर. असा आमचा खेळ चालला होता आणि छापखानेवाला खिडकीतून बघत होता. नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय असं त्याला वाटलं असणार.

इंजिन बंद करून हे खाली उतरले. झाकण हातात घेऊन उलटसुलट केलं. त्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक असतं म्हणे. पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. नाही आली तर टाकी आतून ओढत राहते आणि पंप बाहेरून ओढतो, आणि मधल्या मध्ये काटा पडतो. हे सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं. भोक त्यांनी स्वतः पाडलं होतं. त्यांनी झाकण तोंडाला लावलं आणि फुंकर घातली. गाल फुगले, हवा गेली नाही. झाकण खाली आणलं तेव्हा ओठ, मिशी, नाकाचा शेंडा, सगळं शेंदरी.

मी आयुष्यात ह्यांच्यासमोर मोठ्याने हसले नव्हते. त्या दिवशी हसले.

"पिन दे," हे म्हणाले.

बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन मी काढून दिली. त्यांनी भोक मोकळं केलं, रॉकेलच्या फडक्याने झाकण चकचकीत पुसलं. आम्ही इंजिन पुन्हा सुरू केलं आणि मी या वेळी मुद्दाम चहा ठेवला. उकळला, उतू गेला, आटला. काटा तिथेच.

काका आणि भाऊजींना ह्यांनी फोनवर सांगितलं की टाकीला हवा मिळत नव्हती. शेंदराचा उल्लेख केला नाही. काका म्हणाले, "मी पहिल्या दिवशी हेच म्हणणार होतो." भाऊजी म्हणाले, "मी म्हटलं होतं, तुम्ही ऐकलं नाही." फोन ठेवून हे जेवायला बसले.

"शनिवारी आई येणार तिथे," ते म्हणाले. "वाटी घेऊन."

"सांगा त्यांना."

"तू सांग ना."

आकाशात एकट्याने जायला निघालेला माणूस हा. मी भाजी वाढली.

शनिवारी पट्टीवर विमानाला पंख लागले. प्रथमच ते विमानासारखं दिसलं, आणि मला ते आवडलं नाही. ह्यांनी हेल्मेट काखेत धरलं होतं. सासूबाई मागाहून रिक्षाने आल्या, पिशवीतून वाटी काढली आणि झाकणाकडे निघाल्या. झाकण पुसलेलं पाहून थबकल्या.

"कोणी पुसल्यान ह्या?"

काका आभाळाकडे बघायला लागले. भाऊजी चाकातली हवा तपासायला खाली बसले. नवऱ्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासूबाईंचा अंगठा वाटीत बुडला होता.

मी पुढे गेले आणि त्यांचं मनगट धरलं. लग्नापासून त्यांच्या पाया पडण्यापलीकडे मी त्यांना हात लावला नव्हता.

"आई, ते कपाळ नाही," मी म्हटलं. "ते नाक आहे त्याचं. तिथे शेंदूर भरला की श्वास कोंडतो. वर गेल्यावर कोंडला तर हे खाली येतील."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं, वाकून ते बारीक भोक नीट न्याहाळलं.

"मगे आधी सांगूक काय झाला होता?" त्या ह्यांना म्हणाल्या. "कपाळ म्हणान नाक दाखवतंस? एवढा शिकलंस ता खंय गेला?"

तिथे ह्यांना मागायला भाजी नव्हती.

भरलेला अंगठा वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून सासूबाईंनी तो ह्यांच्याच कपाळावर टेकवला आणि वरून खाली ओढला. चांगला जाड. हेल्मेट घालताना तो शेंदूर आतल्या कापसाला लागला, त्याचा डाग अजून गेलेला नाही.

हे वर गेले. मी स्टुलाशिवाय, तबकडीशिवाय उभी होते आणि तरी माझा हात वर होता, पाचही बोटं ताठ. एक फेरी झाली, दुसरी झाली. इंजिन खोकलं नाही. काका भाऊजींना सांगत होते की टाकीतल्या हवेचा प्रश्न खरं तर त्यांच्या विषयातलाच आहे. सासूबाईंनी पदराला अंगठा पुसला आणि म्हणाल्या, "हात खाली घी गो. दिसता तेका."