मेथीच्या वाफ्यातली शेळी

आधी राजक्काचं नाव घेते, मग पुढचं. माझ्या वाट्याला जी झोप आली, जे हसू आलं, ते तिच्यामुळं — आणि ज्या गोष्टीनं माझी मान खाली जाते ती गोष्टही तिच्याच बाबतीतली. आईला सांगितलेली नाही. खोलीतल्या मैत्रिणींना नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापुढं जमेल.

मी नातेपुत्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. घरची शेरडं-मेंढरं. सातवीत शाळा सुटली ती त्यांच्याच मागं. पुढं कळप विकला आणि मामाच्या ओळखीनं मी सोलापुरात आले, टॉवेलच्या कारखान्यात. शुक्रवार पेठेत तिघींत मिळून एक खोली. आधी शिलाईवर होते, मग चेकिंगला बसवलं. बढतीच की ती! पण काम काय — टॉवेल पसरायचा, डाग शोधायचा, निसटलेला धागा शोधायचा, आणि नीट असला तर पुढं सोडायचा. सोडलेला माल परत आला तर बोलणी मला. हळूहळू डोळे मिटले तरी टॉवेलच दिसायला लागले. सुपरवायझरच्या बुटांचा आवाज आला की तपासलेला टॉवेल मी पुन्हा उलगडायचे. सातवी शिकलेली बाई, चुकणारच, असं कुणी म्हणत नव्हतं हो. पण मला ते ऐकू यायचं.

राजक्का शेजारच्या टेबलावर. तेलुगू विणकराच्या घरातली, वयानं माझ्या आईएवढी, पण साऱ्या कारखान्याची अक्का. एकदा मी टॉवेल तोंडावर दाबून रडत होते. तिनं तो हातातून ओढून घेतला.

"डाग पडंल की गं. मग परत तूच शोधत बसशील."

रडता रडता हसले मी. मग तिनं सांगितलं — शहराबाहेर अक्कलकोट रस्त्याला बौद्ध लोकांचं एक केंद्र आहे. कुणीही गेलेलं चालतं. काही दिवस तिथंच राहायचं, श्वासाकडं बघत बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. ती एकदा जाऊन आली होती आणि परत जायचं म्हणून सुट्ट्या साठवत होती. तुला तिथं काय मिळतं, असं मी विचारलं.

"आमच्या घरात खाली माग, वर माणसं. पाळण्यात होते तवापासनं खडखडाट. तितं कायबी ऐकू येत न्हाई बघ. तेवढंच ऐकायला जाते मी."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते.

मीही येते म्हणाले, पण जागा भरल्या होत्या. राजक्कानं फोनवर गयावया केली, माझ्या जबाबदारीवर आणते म्हणाली, आणि मला जागा मिळाली. पहिल्या संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं सगळ्यांबरोबर मीही शब्द दिला — चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही. फोन जमा केले. खिचडी खाल्ली. आणि सांगू? त्या रात्री मी अशी झोपले, अशी झोपले, की सकाळी राजक्कानं पायाचा अंगठा ओढून उठवलं.

दुसऱ्या दिवशी एक नवीन मुलगी चोरून फोनवर बोलताना सापडली. शिकवणाऱ्या ताईंनी तिला रागावलं नाही, पण घरी पाठवलं. नव्यांचं मौन मोडलं की परत जायचं, मन तयार झालं की पुन्हा यायचं — असा तिथला नियम.

त्याच दुपारी मला पहिल्यांदा ते साधलं. श्वास आत येतोय, बाहेर जातोय. टॉवेल नाहीत. बूट नाहीत. अंग हलकं झालं आणि मी कुठंतरी माळावर पोचले, कुसळी गवतात, ऊन पाठीवर. किती सुखाची होते मी! आणि त्या सुखात कानावर आलं — मचमच, मचमच. खिडकीबाहेर मेथीचा वाफा होता. तो सकाळीच पाहिला होता मी. आणि शेळी पाला कशी खाते ते मला डोळे मिटूनही कळतं.

"हुर्रर्र... हैक! हैक!"

माळावर घालतात तशी, पोटातून आलेली आरोळी. आख्खा हॉल उडाला. पुरुषांच्या बाजूला कुणाचं तरी पाणी सांडलं. एक म्हातारी अगं बाई म्हणाली, तिचंही मौन मोडलं. शेळी कुंपणातून पळाली. आरोळी माझीच होती, हे मला सगळ्यात शेवटी कळलं.

ताई बायकांच्या बाजूला आल्या. हळू आवाजात विचारलं, "कोण होतं?"

माझ्या डोळ्यांपुढं काय आलं असेल? घरी पाठवलेली ती मुलगी. चेकिंगचं टेबल. मी डोळे घट्ट मिटून घेतले. आणि शेजारी बांगड्या वाजल्या.

डोळे उघडले तर राजक्कानं हात वर केला होता.

ताईंनी तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं, मग माझ्याकडं. मी गप्प. मौन होतं ना? मौन पाळत होते मी! खोटं एक अक्षर बोलले नाही — बोललेच नाही. मौनाच्या आडोशाला इतकं मोठं खोटं उभं राहतं, हे मी तिथंच शिकले.

जुन्या साधकांना घरी पाठवत नाहीत. राजक्काला उरलेले दिवस स्वयंपाकघरात मदतीला लावलं. कुकरच्या शिट्ट्या, पातेल्यांचा खणखणाट, डाळीच्या फोडणीचा चर्रर्र. जी बाई काहीच ऐकू येऊ नये म्हणून आली होती, तिला पुन्हा खडखडाट. आणि मी? मी तिच्या रिकाम्या आसनाशेजारी बसून शांत होत गेले. खरंच झाले. खोटं कशाला सांगू — ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे.

इथं थांबले असते तर निदान नुसती भित्रीच ठरले असते. पण पुढं आहे.

केंद्रात आलेली एक बाई आमच्या कारखान्यातल्या कुणाच्या तरी जावेची बहीण निघाली. बातमी पोचली — राजक्का ध्यानात ओरडली! मग काय, ती दारातून आत आली की बायका हुर्रर्र करायच्या. पण त्यांना ते जमायचंच नाही. घशातून काढायच्या. मला राहवेना. एका जेवणाच्या सुट्टीत मीच त्यांना शिकवलं — जीभ टाळूला अशी लावायची, जोर पोटातून. सगळ्या हसल्या. मी सगळ्यात जास्त. वर म्हणाले, "आक्का लई बेस करत्यात, त्यांनाच इचारा की."

राजक्का डबा धूत होती. संध्याकाळी फाटकाशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तू शिकवलीस म्हणून आता बरोबर ओरडालाल्यात बघ सगळ्या." आणि मनापासून हसली. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं का? तेव्हाही मी बोलले नाही. तेव्हा तर मौनही नव्हतं.

आता राजक्का भिवंडीला आहे, मुलाकडं. तिथंही घराखाली माग आहेत म्हणे. मी अजून चेकिंगलाच. सुपरवायझरचे बूट अजून वाजतात, पण मी आता आधी श्वासाकडं बघते, मग बुटांकडं. रोज सकाळी थोडं बसते. शेळीची आठवण येते आणि एकटीच हसते. या हसण्यावर माझा हक्क किती, ते मला ठाऊक आहे.

एक दिवस मी राजक्काला भिवंडीहून घेऊन येणार आहे. मौन सुरू व्हायच्या आधी, बोलायची मुभा असेल तेव्हा, हॉलमध्ये सगळ्यांपुढं उभी राहून सांगणार आहे की ती आरोळी माझी होती. मग राजक्का खिडकीजवळच्या तिच्या जागी बसेल. मी स्वयंपाकघरात असेन. भांडी घासीन, पुसीन, आणि एकेक करून, जराही आवाज न होऊ देता, खाली ठेवीन.