केसरबाईची फिकी कॉफी

छावणीच्या बाजारात केसरबाईच्या चहाला तोड नव्हती. असा चालता धंदा असताना पन्नाशी उलटल्यावर या बाईनं कॉफीचं खूळ डोक्यात घेतलं, तेव्हा आम्ही रोजच्या गिऱ्हाइकांनी कपाळाला हात लावला. मी तर तोंडावर म्हणालो, बाई, सुखाचा जीव दुःखात घालू नका. तिनं बाकडं पुसलं आणि माझ्यापुढं कप ठेवला. बिनदुधाची, बिनसाखरेची, लालसर पातळ कॉफी. एका घोटात माझं तोंड वाकडं झालं आणि बाकडंभर लोक हसले.

हे खूळ आलं चिखलदऱ्याहून. केसरबाईचा मुलगा सम्यक तिकडं शिक्षक आहे. त्याच्याकडं राहायला गेली असताना तिची भामाबाईशी गट्टी जमली. भामाबाई आणि तिच्या नवऱ्याची डोंगरउतारावर थोडी कॉफीची झाडं. लाल पिकलेलं तेवढंच फळ खुडायचं, साल काढायची, बिया हौदात भिजवायच्या, बुळबुळीत गर चोळचोळून धुवायचा आणि मग वाळवायचं. हात सोलवटून निघतात. एवढं करून व्यापारी तो माल दहा ठिकाणच्या मालात ओतून मोकळा.

ते केसरबाईला लागलं. तिची आई पारूबाई जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत राहिली. पीक तिच्या हातचं, नाव मालकाचं. म्हणून केसरबाईनं भामाबाईला शब्द दिला, की तुझी कॉफी मी वेगळीच विकीन, कशात मिसळणार नाय आणि तुझं नाव घेऊन विकीन.

शब्द देणं सोपं होतं. दाणा कढईत लाह्यांसारखा तडतडला, दालचिनीच्या रंगावर आला, की ती तो खाली उतरवायची. जास्त जाळला तर सगळी कॉफी सारखीच लागती, म्हणायची. गिऱ्हाइकं म्हणायची, कच्ची ठेवली. कुणी म्हणे फिकी, कुणी म्हणे काढा. भामाबाईकडून आणलेलं पोतं हलेना. इकडं थंडी पडली आणि भामाबाईचा फोन आला. नवी फळं लाल झाली होती. यंदा धुवायची का, की तशीच व्यापाऱ्याला देऊन टाकू, एवढंच तिनं विचारलं. दोन दिवसांत सांगते म्हणून केसरबाईनं फोन ठेवला.

त्यातच गंगापूरकडच्या तात्यासाहेबांचा निरोप आला. त्यांच्या रानात हिवाळाभर शहरातली माणसं हुरडा खायला येतात. त्यांना अख्ख्या हंगामाला कॉफी हवी होती, पण काळीकुट्ट भाजलेली, चिकोरीच्या मुळाची पूड घातलेली, दुधाची. आम्ही सगळे म्हणालो, घ्या पदरात पाडून. केसरबाईनं किटली उचलली आणि मला गंगापूरच्या जीपमध्ये शेजारी बसवलं. किटलीत तीच फिकी कॉफी होती, हे मला माहीत होतं.

हुरड्याच्या आगटीपाशी त्यांचा गडी पुंडलिक कणसं भाजत होता. बोलण्याच्या नादात त्याचा हात रेंगाळला आणि तात्यासाहेब कडाडले.

"करपवू नको रे! राखच चाखायची तर लोक माझ्या रानात कशाला येतील?"

केसरबाईनं किटली खाली ठेवली.

"मग मी भामाबाईचं रान कशाला करपवू, तात्यासाहेब?"

तात्यासाहेबांना उलट ऐकायची सवय नव्हती. पण केसरबाईनं कप भरून त्यांच्यापुढं धरला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी त्यांनी घेतला. घोट घेतला, नाक मुरडलं, आंबूस लागती म्हणाले. मग मूठभर हुरडा आणि लसणाची चटणी खाल्ली आणि तोंड पोळलं म्हणून परत घोट घेतला. तो जरा वेळ तोंडात ठेवला. पुढचा घोट घ्यायला त्यांना चटणी लागली नाही.

हुरडा आवडला की आमच्याकडं माणूस एकच गोष्ट विचारतो. कप रिकामा करून तात्यासाहेबांनी तीच विचारली.

"कुणाच्या रानातली ही?"

"भामाबाईच्या," केसरबाई म्हणाली. आगटीभोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

मग हीच आणा, तात्यासाहेब म्हणाले. ज्याला दूध पाहिजे त्यो चहा पील. मला स्वतःला ती कॉफी अजून आंबटच लागते, पण त्या दिवशी मी मुकाट्यानं दोन कप प्यालो.

केसरबाई मात्र तिथं थांबली नव्हती. रेंज मिळावी म्हणून ती पदर खोचून बांधावर चढली होती आणि फोनवर ओरडून सांगत होती, "भामे, धू. यंदाची सगळी धू."